दोन फुटी प्लांटेड टँक दर रविवारी धुवून काढू नका

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. विचारणारे घोडबंदर रोडला राहतात, २ फुटी प्लांटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेला माशांचा टँक आहे, पाच महिने झालेत. साखर-यीस्टच्या बाटलीवर झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चालतो, लाइट सकाळी नऊ ते रात्री नऊ. दर रविवारी अर्धं पाणी काढतात, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुतात, काचा घासतात, सॉइल (तळाशी घातलेली झाडांची माती) ढवळून घाण ओढून काढतात. तरी अनुबियासच्या पानांवर काळे केस येतायत, हायग्रोफिलाची खालची पानं भोकं पडून गळतायत आणि मागच्या रविवारच्या सफाईनंतर सोमवारी सकाळी चार निऑन टेट्रा मासे मेलेले मिळाले. दुकानदाराने निळं औषध आणि खडेमीठ दिलंय. मेंटेनन्सचं रूटीन नक्की काय ठेवायचं असं विचारलंय.

निळं औषध आणि मीठ आधी बाजूला ठेवा, टँकमध्ये टाकू नका. ते निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलिन ब्ल्यू असतं, ते फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरिया मारतं, आणि मिठाने झाडांना त्रास होतो. तुमचे मासे आजारी नाहीयेत हो, त्यांना रविवार बाधलाय. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर असे बरेच टँक मी मेंटेन करतो आणि "परवाच सगळं साफ केलं आणि मासे गेले" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न मी हाच विचारतो, शेवटचं साफ कधी केलंत. प्लांटेड टँकमध्ये सफाईचं मुख्य काम झाडं आणि बॅक्टेरिया करतात, आपण झाडं धडधाकट ठेवायची आणि नळाला आज कुठलं पाणी आलंय त्यावर लक्ष ठेवायचं, आणि जे काही करायचं ते थोडं थोडं, वेगवेगळ्या दिवशी. तुम्ही एकाच दिवशी चारही गोष्टी केल्या, त्यातली एखादीच केली असतीत तर मासे कदाचित वाचले असते.

आता पाण्यापासून सुरू करतो कारण आपल्याकडे निम्मा घोळ तिथेच आहे. ठाण्याला पाणी येतं ते भातसा, उल्हास आणि बारवीचं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बहुतेक वेळा शंभरच्या आतच असतो, झाडांसाठी याच्यासारखं पाणी नाही. पण हे झालं महापालिकेचं पाणी. तुमच्या सोसायटीच्या टाकीत काय आहे हा वेगळा विषय. मार्चपासून घोडबंदर पट्ट्यात टँकर सुरू होतात, काही सोसायट्या बोअरचं पाणी त्याच टाकीत मिसळतात, आणि मग जे पाणी गेल्या रविवारी ८० टीडीएस होतं ते या रविवारी ४०० किंवा ६०० येतं. आपल्याला नळ उघडल्यावर काही फरक कळत नाही, दिसायला तसंच. माशाला मात्र अर्धं पाणी एकदम बदललं की शरीरातलं मीठ-पाण्याचं गणितच बिघडतं, टेट्रासारखे मऊ पाण्याचे मासे पहिले जातात.

दुसरं म्हणजे बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) बऱ्याचदा जास्त असतो. टँकमध्ये थोडा अमोनिया कायम तयार होत असतो, पीएच ७ ला तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, पीएच ८ झाला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण नवीन पाण्यामुळे तो अचानक मारक होतो. त्यात तुम्ही त्याच दिवशी सॉइल ढवळून आतला अमोनिया वर आणलात, आणि तो खाणारे बॅक्टेरिया नळाखाली धुवून टाकलेत. सोमवारी सकाळी मासे मेले यात आश्चर्य काही नाही.

त्यामुळे पहिली खरेदी म्हणजे टीडीएस मीटर. पेनासारखा असतो, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयात मिळतो. पाणी बदलायच्या आधी नळाचं पाणी मोजायचं, टँकचं मोजायचं. दोघांत शंभरच्या आत फरक असेल तर नेहमीसारखं २५ टक्के बदला. नळाचं पाणी दोनशेच्या वर गेलं असेल तर त्या आठवड्यात दहा टक्केच बदला किंवा घरच्या आरओचं पाणी त्यात मिसळून टीडीएस खाली आणा. फरक फारच मोठा दिसला तर पाणी बदलूच नका, एक आठवडा नाही बदललं तर झाडं असलेल्या टँकचं काही बिघडत नाही. पण सरळ आरओचंच पाणी भरू नका, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच आणि पीएच धरून ठेवायची ताकद पण नसते.

क्लोरीनचं पण बघावं लागतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं म्हणून क्लोरीन वाढवतात, बादली भरताना वास येतोच. आणि सोसायटीची टाकी साफ होते तो दिवस सगळ्यात धोक्याचा, ब्लीचिंग पावडरने टाकी धुतात आणि पहिलं पाणी तसंच घरात येतं. ग्रुपवर "उद्या टाकी सफाई, पाणी येणार नाही" असा मेसेज आला की पुढचे दोन-तीन दिवस टँकला हात लावायचा नाही. एरवीसाठी सोडियम थायोसल्फेट, दुकानात हायपो म्हणून मिळतं, स्वस्तात मस्त. १० ग्रॅम खडे १०० मिली आरओ पाण्यात विरघळवून बाटली करून ठेवा, २० लिटरच्या बादलीला २ मिली, पावसाळ्यात ३ मिली. हे द्रावण महिना-दोन महिन्यांनी नवीन करायचं, जुनं झालं की त्याचा जोर कमी होतो. बाजारातलं अँटिक्लोरीन वापरलंत तरी चालेल, त्यात बहुतेक हेच असतं, फक्त पाण्यासारखं पातळ करून विकतात.

अजून एक, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका लागेल इतकं तापलेलं असतं. ते तसंच टँकमध्ये ओतलं तर काय होईल सांगायला नको. पाणी सकाळी लवकर बदला, नाहीतर आदल्या रात्री बादल्या भरून ठेवा. बादली फक्त टँकची वेगळी ठेवा, त्यात कधी साबण-सर्फ जायला नको, कामवाल्या मावशींना पण सांगून ठेवा, नाहीतर त्या बिचाऱ्या तीच बादली फरशी पुसायला घेतात.

पाणी काढताना सायफन (पाणी ओढायचा पाइप) सॉइलमध्ये खुपसू नका. तुमच्याकडे झाडांची सॉइल आहे, रेती नाही, ती ढवळली की बारीक होऊन चिखल होतो आणि आतलं सगळं वर येतं. पाइपचं तोंड सॉइलच्या एक इंच वर धरून फिरवायचं, वर पडलेली सडकी पानं, घाण तेवढी ओढली जाते, बस. मुळांच्या भोवती जे राहतं ते झाडांचं खत आहे. मागच्या कोपऱ्यात ड्रिफ्टवुडच्या मागे मात्र घाण साचते, प्रवाह तिथे पोचत नाही, तिथे महिन्यातून एकदा ड्रॉपरने किंवा मोठ्या सिरिंजने पाण्याचा फवारा मारून ती उडवायची आणि लगेच ओढून घ्यायची.

फिल्टर. हा नळाखाली धुवायचा नाही म्हणजे नाही, क्लोरीनने त्यातले बॅक्टेरिया जातात आणि मग टँक पहिल्या दिवसापासून सुरू केल्यासारखा होतो. पाणी बदलताना जी बादली टँकच्या पाण्याने भरते ना, त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळायचा. पहिल्यांदा पिळाल तेव्हा काळपट-तपकिरी गाळ निघेल, किळस येईल, पण त्याला सडका वास नसेल तर तो चांगलाच आहे, पाणी स्पंजमधून आरपार जाईल एवढाच साफ करायचा, मूळ रंग दिसेपर्यंत नाही. तो सिरॅमिक रिंगचा डबा असेल तर त्याला हातच लावू नका, सहा महिन्यांनी एकदा खंगाळला तरी पुरे. आणि हे दर आठवड्याला करायचं नाही, फिल्टरची धार कमी झालेली दिसली की करायचं, साधारण महिना-दीड महिन्याने. ज्या दिवशी फिल्टर त्या दिवशी झाडांची कापाकापी नाही, सॉइलला हात नाही. कार्बनची पिशवी आत असेल तर काढून टाका, काही आठवड्यांत ती भरते आणि नुसती जागा अडवते, औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला तेवढी कामाची.

आता काळे केस. हे ब्लॅक बिअर्ड शेवाळ, बीबीए म्हणतात, अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडेला आणि फिल्टरच्या तोंडाशी आधी येतं. मुख्य कारण अस्थिर सीओटू, आणि इथे तुमची साखर-यीस्टची बाटली पकडली गेली. आपल्या हवेत यीस्ट जाम जोरात चालतं, पहिले दोन-तीन दिवस भराभर बुडबुडे, मग मंद, आठवड्याच्या शेवटी बंदच, आणि वरून बारा तास लाइट. झाडं एका वेगाला सरावतात आणि लगेच तो वेग बदलतो, शेवाळाला मात्र असली अनिश्चितता मानवते. दोन बाटल्या आलटून पालटून भरल्या तर थोडं बरं होतं, पण माझं ऐकाल तर ती बाटली काढूनच टाका. तुमच्याकडे अनुबियास, क्रिप्टोकोरिन, हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया हीच झाडं असतील असं वर्णनावरून वाटतंय, यातल्या एकालाही बाहेरून सीओटू लागत नाही. हळू वाढतील, पण वाढतील, आणि ट्रिमिंग पण कमी. ज्यांना लाल रोटाला, कार्पेट (तळ झाकणारी बुटकी झाडं) वगैरे करायचंय त्यांनी सिलिंडर, रेग्युलेटर आणि ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू किती ते रंगाने दाखवतो) घ्यावा, लाइट लागायच्या आधी तास-दोन तास गॅस सुरू आणि ड्रॉप चेकर हिरवा, हे सगळं जमत असेल तर. मधलं अर्धवट काही करू नका, त्या अर्धवटातूनच हे केस येतात.

बाटली काढली की लाइट लगेच कमी करायची, १२ तास फार म्हणजे फारच झाले. ७ तास ठेवा. तीनशे-चारशेचा टायमर प्लग घ्या आणि दुपारी २ ते रात्री ९ लावून विसरून जा, संध्याकाळी घरी आल्यावर टँक बघायला पण मिळेल. वाशीतल्या एका ऑफिसच्या रिसेप्शनला टँक आहे, तिथे हाउसकीपिंगवाले सकाळी आठला लाइट लावायचे आणि रात्री सिक्युरिटी बंद करायचा, काचा दर चार दिवसांनी हिरव्या. खत बदललं, मासे कमी केले, काही फरक नाही. टायमर लावला आणि तीन आठवड्यांत काचा घासायचं काम जवळजवळ संपलं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ते पण धरा हिशोबात, डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन फार आत येतं आणि लोकांना कळत नाही की आत्ताच शेवाळ का आलं.

आहे ते शेवाळ काढायला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर टक्के वाचा, ३ टक्केवालं हवं, ६ असेल तर तेवढंच पाणी घालून अर्ध्यावर आणा. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर झालं की सिरिंजने अगदी केसांच्या जवळ नेऊन हळू सोडा, बारीक फेस येताना दिसेल, दहा मिनिटांनी फिल्टर सुरू. तुमच्या टँकला एका वेळी १० मिलीच्या वर जाऊ नका आणि मॉसवर, व्हॅलिस्नेरियावर मारू नका. दोन-तीन दिवसांत काळे केस गुलाबी-लालसर होतात, म्हणजे मेले, मग मासे-गोगलगायी खातात किंवा आपोआप गळतात. अनुबियास लाकडाला बांधलेलं असेल तर त्याहून सोपं, लाकूडच बाहेर काढा, ब्रशने पेरॉक्साइड लावा, दोन-तीन मिनिटं ठेवून धुवा आणि परत आत. जी पानं पूर्ण काळी झालीत ती मुळापासून कापून टाका, ती सुधारत नाहीत. आणि अनुबियासचा तो जाड आडवा देठ, रायझोम, सॉइलमध्ये पुरलेला नाही ना ते बघा, पुरला की सडतोच.

हायग्रोफिलाच्या भोकांचं वेगळं आहे. खालचं एखादं जुनं पान तोडा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. बारीक टाचणीएवढी भोकं आणि प्रत्येक भोकाच्या कडेला पिवळी रिंग दिसली तर पोटॅशियम कमी आहे. कडा कुरतडल्यासारख्या वेड्यावाकड्या आणि पिवळेपणा नाही तर गोगलगायीचं किंवा माशाचं काम. जुनी पानं पूर्ण पिवळी पडून गळत असतील तर नायट्रोजन, आणि वरची नवीन पानं फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. जुन्या पानांत की नव्या पानांत एवढं बघितलं तरी अर्धं निदान होतं, कारण नायट्रोजन-पोटॅशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही. आपल्या धरणाच्या मऊ पाण्यात पोटॅशियम जवळपास नसतंच, त्यामुळे भोकांची तक्रार इथे घरोघरी.

यासाठी एक्वेरियमच्या दुकानातली महागडी बाटली घ्यायची गरज नाही. आपले शेतकरी ठिबकमधून जी विद्राव्य खतं देतात तीच चालतात, कृषी सेवा केंद्रात मिळतात, कल्याण-पनवेल बाजूला गेलात तर सहज. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, ००:५२:३४ मध्ये फॉस्फेट आणि पोटॅशियम. १९:१९:१९ आणि १२:६१:०० मात्र चुकूनही टाकायचं नाही, त्यात युरिया-अमोनियम असतं, म्हणजे सरळ अमोनिया टाकल्यासारखं, द्राक्षबागेला अमृत आणि टँकला विष.

तुमचा टँक २४ × १२ × १५ इंची असेल तर आतून ७० लिटर, सॉइल-दगड वजा करून ५५-६० धरा. ५०० मिली आरओ पाण्यात २५ ग्रॅम १३:००:४५ ची एक बाटली, तशीच ००:००:५० ची दुसरी (ही विरघळायला वेळ लागतो, हलवत राहा), आणि ५ ग्रॅम ००:५२:३४ ची तिसरी. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन्हीतलं १०-१० मिली आणि तिसऱ्यातलं ५ मिली, आठवड्यातून एकदा. एवढ्यात साधारण ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट, ७ पीपीएम पोटॅशियम आणि अर्ध्याच्या थोडं वर फॉस्फेट मिळतं, बिनासीओटूच्या टँकला पुष्कळ झालं. मासे भरपूर असतील तर नायट्रेटची बाटली निम्मी करा, माशांच्या शीमधून तेवढं येतंच. लोह आणि बाकीची सूक्ष्मद्रव्यं चिलेटेड (पाण्यात विरघळून राहतील अशी) मिळतात, पण कोळंबी पाळली असेल तर त्यात तांबं किती आहे ते वाचून घ्या आणि अगदी चिमूटभरच वापरा. पुडकं किलोचं येतं, आठवड्याला अर्धा ग्रॅम म्हणजे तुम्हाला ३८ वर्षं पुरेल, चार जणांत वाटून घ्या. आणि एक सांगतो, भोकं पडलेलं पान बुजत नाही, नवीन येणारी पानं नीट येतायत का तेवढं बघायचं, तीन-चार आठवडे द्या.

ट्रिमिंगचं, हायग्रोफिला वर पोचला की पेराच्या जरा वर कापा, खालच्या खोडाला दोन फांद्या फुटतात, वरचा शेंडा सॉइलमध्ये खोचा. खालचा भाग अगदीच उघडाबोडका झाला असेल तर तो उपटून टाकून शेंडेच लावा, पण उपटताना हळू, मुळासकट खेचलं की परत सगळी सॉइल वर. एका वेळी एक तृतीयांशच्या वर झाडं कापू नका, तेवढं पाणी शुद्ध करणारंच कमी होतं. क्रिप्टोकोरिनची पानं कधीकधी एकदम वितळल्यासारखी होतात, घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, परत येतं. आणि कापलेली झाडं, नको झालेले मासे, ती दुकानदाराने शेवाळ खातो म्हणून गळ्यात मारलेली आणि आता फूटभर झालेली सकरकॅट, यातलं काहीही उपवनला किंवा तलावपाळीला नेऊन सोडू नका. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं, पण तो मासा इथला नाही, इथल्या माशांची अंडी खातो, तलावाचे काठ पोखरतो. झाडं कुंडीतल्या मातीत घाला, मासा दुकानात परत द्या.

उन्हाळ्याचा मोठा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात टँकचं पाणी सहज ३१-३२ अंशाला जातं. २५ अंशाला पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३२ ला ७.३ च्या आसपास, आणि त्याच वेळी माशाला जास्त ऑक्सिजन लागतो. रात्री झाडं पण ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजा. उपाय म्हणजे वरचं झाकण काढा, छोटा क्लिप फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश तरी खाली येतं, जूनमध्ये हवा दमट झाली की तेवढं नाही येत. फिल्टरची धार पृष्ठभागावर पडेल अशी ठेवा, नाहीतर रात्री एअर पंप. फॅनने पाणी उडतं ते आरओच्या पाण्याने भरायचं, नळाच्या नाही, कारण उडतं ते शुद्ध पाणी आणि क्षार मागे राहतात, नळाचंच भरत गेलात तर महिन्याभरात टीडीएस चढलेला दिसेल. बर्फाचे खडे टाकणारे महाभाग पण पाहिलेत, ते नको, एकदम थंड-गरम झालं की मासा तिथेच खलास. हीटर आपल्याकडे लागत नाही, दुकानदाराने दिला असेल तर परत करा.

डासांच्या धुराबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. महापालिकेची फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद, एअर पंप बंद, टँकवर कापड. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, आणि डासांच्या औषधात जे पायरेथ्रॉइड असतं ते मासे आणि कोळंबी दोघांनाही अतिशय विषारी. घरातलं कॉइल, लिक्विड मशीन पण टँकच्या खोलीत नको, आणि पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर त्याला आधीच टँक दाखवा.

लाइट गेली तर दोन-तीन तास काही होत नाही, फक्त खायला घालू नका. महावितरणचा दिवसभराचा शटडाउन असेल तर बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा. फिल्टर चार-पाच तासांच्या वर बंद राहिला की वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका, आतलं पाणी सडलेलं असतं, ते ओतून, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मग लावा. गणपतीला किंवा मेमध्ये गावी आठ-दहा दिवस जाणार असाल तर मोठ्या माशांना उपाशी ठेवा, काही होत नाही, झाडांवरचं खुडून खातात. लाइट पाच तासांवर आणा, निघायच्या तीन दिवस आधी पाणी बदला, निघायच्या दिवशी काही नवीन प्रयोग नको. खाद्याचा डबा शेजारच्या काकूंकडे ठेवू नका, त्यांना दया येते आणि मूठभर घालतात. द्यायचंच असेल तर गोळ्यांच्या डबीत एकेक दिवसाची चिमूट भरून द्या. एरवी सुद्धा दिवसातून एकदा, एक मिनिटात संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

तर या रविवारी काय करायचं. फिल्टरला हात नाही, सॉइलला हात नाही. नळाचा आणि टँकचा टीडीएस मोजा, जुळत असेल तर २० टक्के पाणी हायपो घालून बदला, काचा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, बाटली बंद, टायमर सात तास. सोमवारी खत. अनुबियासचं पेरॉक्साइड त्याच्या पुढच्या रविवारी. अमोनियाचं टेस्ट किट मिळालं तर बुधवारी एकदा बघा, फिल्टर सारखा धुतलाय म्हणून शंका आहे, शून्य नसेल तर खाणं दोन दिवस बंद आणि रोज दहा टक्के पाणी. नवीन मासे महिनाभर आणू नका, आणि आणाल तेव्हा निऑन नको, त्यांना २५ च्या आसपासचं पाणी आवडतं, आपल्या मेमध्ये टिकत नाहीत. कार्डिनल टेट्रा गरम पाणी बरंच सोसतो, किंवा हार्लेक्विन रासबोरा, नाहीतर आपला हनी गोरामी, तो भारतातलाच असल्यामुळे उन्हाळ्याचं त्याला फारसं वाटत नाही. दोन रविवारचे टीडीएसचे आकडे आणि जमलं तर नव्या पानांचा फोटो पाठवा, मग पुढे किती पाणी बदलायचं ते बघू.